वाचनानंतरची प्रश्नोत्तरे आणि वाचनावरील चर्चा

पाठ वाचून झाला की शिक्षक प्रश्न विचारतात, मुले हात वर करतात, चार-पाच जण बोलतात आणि टाचणवहीत ‘पाठावर चर्चा घेतली’ अशी नोंद होते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा झालेली असतात ती प्रश्नोत्तरे. दोन्हींत प्रश्न असतात आणि वर्गही बोलका दिसतो, त्यामुळे गल्लत सहज होते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ह्यू मेहान यांनी १९७९ मध्ये वर्गातील संभाषणाची एक त्रिपदी मांडली : शिक्षकाने विचारायचे, विद्यार्थ्याने उत्तर द्यायचे आणि शिक्षकाने ते बरोबर की चूक ते सांगायचे. चिऊ-काऊची गोष्ट घेऊन पाहू. ‘‘कावळ्याचे घर कशाचे होते?’’ ‘‘शेणाचे.’’ ‘‘शाब्बास! आणि चिमणीचे?’’ उत्तर शिक्षकाला आधीच ठाऊक आहे. विद्यार्थ्यालाही ते आठवते की नाही, एवढेच येथे तपासले जाते.

‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारला की आपोआप चर्चा होते, हा समज मात्र खरा नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेतील ‘स्वमत’देखील मुले गाईडमधून पाठ करून लिहितात, हे कोणत्याही मराठीच्या शिक्षकाला नव्याने सांगायला नको. खरा फरक प्रश्नात कमी आणि पहिले उत्तर आल्यानंतर शिक्षक काय करतो, यात जास्त आहे.

समजा, विचारले, ‘‘चिमणीने दार लगेच का उघडले नाही?’’ एक मुलगी म्हणते, ‘‘तिला बाळाची कामे होती.’’ प्रश्नोत्तरांत ‘बरोबर’ म्हणून पुढे जाता येते. चर्चेत शिक्षक निकाल न देता विचारतो, ‘‘हे तुला गोष्टीत कुठे दिसले?’’ मुलगी ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे’ हे वाक्य शोधून वाचते. त्यावर दुसरा म्हणतो, ‘‘पण बाहेर कोणी पावसात भिजत असेल, तर तीट नंतर लावता आली असती.’’ तिसऱ्याचे म्हणणे असे, की कावळे चिमण्यांची पिल्ले पळवतात, म्हणून ती घाबरली असेल. ‘‘हे गोष्टीत लिहिले आहे, की आपल्याला बाहेरून माहीत आहे?’’ शिक्षकाच्या या एका प्रश्नाने वर्ग पुन्हा पुस्तकाकडे वळतो. चर्चेतले मार्गदर्शन म्हणतात ते हेच. उत्तर पुरवण्याशी त्याचा संबंध नाही. ‘तुला काय वाटले?’ असे विचारून प्रत्येकाला ‘छान’ म्हणणे ही तिसरीच गोष्ट झाली, आणि माझ्या मते ती प्रश्नोत्तरांपेक्षाही कमी उपयोगाची आहे.

शिकागोत १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेट बुक्स फाउंडेशनच्या पद्धतीत तर अशी अपेक्षा असते, की चर्चा चालवणाऱ्याने ज्याबद्दल स्वतःच्याच मनात शंका आहे असाच मुख्य प्रश्न घ्यावा. शिक्षकाचे मत आधीच ठरलेले असेल, तर मुले गोष्टीऐवजी त्याचा चेहरा वाचू लागतात.

दुसरा फरक शांततेचा आहे. अमेरिकी विज्ञानशिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचे आढळले. तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. आठवून सांगायला एक सेकंद पुरतो, विचार करून बोलायला पुरत नाही.

म्हणून प्रश्नोत्तरे टाकाऊ ठरत नाहीत. पावसात मेणाचे घर वाहून गेले असे ज्या मुलाला वाटते आहे, त्याच्याशी चिमणीच्या वागण्याची चर्चा करता येणार नाही. त्यामुळे तासिकेची पहिली काही मिनिटे घटनाक्रम पक्का करण्यासाठी द्यावीत आणि उरलेला वेळ एकाच प्रश्नावर घालवावा. वर्गात पन्नास-साठ मुले असतील, तर आधी शेजारच्याशी दोन मिनिटे बोलू द्यावे, म्हणजे हात वर न करणाऱ्यांच्या तोंडीही निदान एक वाक्य तयार असते.