अरेकाचे पिवळे पान कापण्याआधी

अंगणातल्या अरेका पामचे खालचे पान पिवळे पडले की हात कात्रीकडे जातो. पण पोटॅशियम किंवा मॅग्नेशियमची चणचण भासली की पाम ते जुन्या पानांतून ओढून नव्या पानाला पुरवतो. पिवळे पान म्हणजे झाडाची शिल्लक. ते अर्धवट पिवळे असताना काढले, तर झाड त्याच्या वरच्या पानातून ओढू लागते. म्हणून पान देठापर्यंत वाळल्यावरच कापावे.

पिवळेपणा कुठे आहे, तेही पाहावे. जुन्या पानांवर नारिंगी ठिपके आणि वाळलेली टोके दिसली तर पोटॅशियम कमी. पानाच्या कडा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातला धो-धो पाऊस तांबड्या मातीतून ही दोन्ही द्रव्ये धुऊन नेतो. अशा वेळी नुसता युरिया टाकला तर वाढ जोरात होते आणि चणचण आणखी वाढते.

अरेका हा उसाच्या, ज्वारीच्या गोतातला, एकदल. आंब्याचा शेंडा छाटला की खालून फुटवे येतात. पामच्या खोडाला मात्र वाढीचा एकच कोंब. तो गेला की ते खोड संपले. सुदैवाने अरेका उसासारखाच बेटाने वाढतो. एखादे खोड फार उंच झाले तर तेवढेच बुडापासून काढावे. (नावात अरेका असला तरी ही सुपारी नव्हे. हा मूळचा मादागास्करचा.)

घरात ठेवायचा तर १२ इंची कुंडी पुरते. दोन भाग तांबडी माती, एक भाग भरड वाळू, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत. तळाला भोके हवीतच. पूर्वेच्या खिडकीजवळचा उजेड उत्तम. वरची इंचभर माती सुकली की पाणी द्यावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. आठवड्यातून अमुक वेळा असा नियम इथे चालत नाही: मेमध्ये माती दोन दिवसांत सुकते, जुलैत आठवडाभर ओलीच राहते.

टोके तपकिरी होण्यामागे बहुधा बोअरचे क्षारयुक्त पाणी असते, अथणीकडे तर विशेष. क्षार मातीत साठतात. त्यावर फुकटचा उपाय म्हणजे पाऊस: ढगाळ दिवशी कुंडी बाहेर ठेवावी, क्षार धुऊन जातात. थेट उन्हात मात्र ठेवू नये, सावलीतली पाने करपतात. उन्हाची सवय दोन-तीन आठवड्यांत, हळूहळू लावावी.

उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी येतो. बारीक जाळी आणि फिके ठिपके ही त्याची खूण. पाने मागून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावीत, दर चार दिवसांनी, तीन वेळा.

बागेत लावायचा तर जूनच्या सुरुवातीला २ फूट लांब-रुंद-खोल खड्डा. चिकोडी, गोकाककडच्या काळ्या मातीत पाणी साचते, तिथे उंचवट्यावर लावावा. पिशवीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच झाड पुरावे. त्याहून खोल पुरले की मुळांना हवा मिळत नाही, लोह शोषले जात नाही आणि सर्वांत नवे पान फिकट पिवळे निघते. अशा झाडाला खत घालण्यात अर्थ नाही. बुंध्याभोवतीची जादा माती आधी उकरून काढावी.