माहिती तंत्रज्ञान पदवी शिक्षण (मराठवाडा)

माहिती साठवणे, तिच्यावर प्रक्रिया करणे आणि ती संगणकजाळ्यातून हवी तिथे पोहोचवणे या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण प्रामुख्याने आयटी उद्योगातील नोकरीच्या तयारीसाठी घेतले जाते. बारावी विज्ञानानंतर एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून बी. टेक.ला प्रवेश मिळतो आणि पदविकाधारक थेट दुसऱ्या वर्षात जातात. दुसरी वाट बीसीए (संगणक उपयोजनातील पदवी) किंवा बी. एस्सी. करून पुढे दोन वर्षांच्या एमसीए या पदव्युत्तर पदवीकडे जाते.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या (१९५८), तर नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (१९९४) कार्यक्षेत्रात येतात. अभियांत्रिकीत संभाजीनगरचे शासकीय महाविद्यालय (१९६०) आणि नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्था (१९८१) यांना विद्यार्थी पहिली पसंती देतात. विभागातील अनेक खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये लोणेरे (जि. रायगड) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत.

डेटा स्ट्रक्चर (प्रोग्राममध्ये माहिती रचून ठेवण्याच्या पद्धती), ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, संगणकजाळे आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी हा अभ्यासक्रमाचा गाभा होय. अभ्यासक्रम जुना आणि कंपन्यांचे काम नवे, अशी तक्रार सर्रास ऐकू येते व प्रोग्रामिंग भाषा, सॉफ्टवेअर अशा साधनांपुरती ती खरीही आहे. परंतु साधने काही वर्षांत बदलतात आणि गाभा टिकतो. डेटाबेसची मांडणी याचे चांगले उदाहरण आहे. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन विकल्यावर आडत्याकडून शेतकऱ्याला जी पट्टी मिळते, तिच्यावर नाव, गाव, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हाती येणारी रक्कम असते. हे सारे एकाच तक्त्यात भरले, तर शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक त्याच्या प्रत्येक पट्टीसोबत पुन्हा लिहावा लागतो, आणि क्रमांक बदलला की एखाद्या ओळीत जुनाच राहून जातो. शेतकऱ्यांचा तक्ता वेगळा, पट्ट्यांचा वेगळा आणि दोहोंना जोडणारा शेतकरी क्रमांक, ही मांडणी संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रारूपातून येते, व बँकेपासून रेल्वे आरक्षणापर्यंतच्या व्यवहारांत आजही तीच वापरली जाते. हे ज्याला स्वतःच्या हाताने जमते, त्याला नवी प्रणाली शिकायला फार वेळ लागत नाही.

म्हणूनच शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हा तयारीचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि तयार प्रोजेक्ट विकत घेऊन सबमिशन उरकण्याची पद्धत विद्यार्थ्याचे सर्वाधिक नुकसान करते. तोंडी परीक्षेत ते एकवेळ झाकले जाते; मुलाखतीत मात्र ‘हा तक्ता वेगळा का केला?’ या एका प्रश्नावर ते उघडे पडते. दुसऱ्याची जर्नल उतरवून काढलेल्या प्रॅक्टिकलचेही तेच.

कॅम्पस भरतीत साधारणपणे ॲप्टिट्यूड चाचणी, कोडिंग, तांत्रिक मुलाखत आणि एचआर फेरी असा क्रम असतो. मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांना प्रोग्राम येतो, पण तो इंग्रजीत समजावताना ते अडखळतात. ही उणीव बुद्धीची नसून सरावाची आहे आणि तिच्यावर पहिल्या वर्षापासूनच काम व्हायला हवे. मोठ्या कंपन्या पुणे, मुंबई, हैदराबाद व बंगळूरु येथे असल्यामुळे पदवीनंतरचे स्थलांतर बहुतेकांनी गृहीतच धरलेले असते. संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांतही साठा, उत्पादन व हिशेब यांच्या प्रणाली सांभाळण्याचे काम असते. विद्यार्थी त्याला सहसा आयटीची नोकरी मानत नाहीत, तरी डेटाबेस आणि जाळे यांचे ज्ञान तिथे रोज कामी येते.