मिनिटाला हजार शब्द? डोळ्यांना विचारा!

‘मिनिटाला हजार शब्द वाचा’ ही जाहिरात परीक्षांचा मोसम आला की हमखास डोकं वर काढते. अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठी एसीटी देणारी मुलं तिला चटकन भुलतात, मग ती न्यू जर्सीतल्या मराठी घरातली असोत की पुण्यातून अर्ज करणारी. त्यांचा दोष नाही. या परीक्षेत घड्याळ सतत मानगुटीवर असतं. २०२५ मध्ये तिचं स्वरूप बदललं. वाचनाला पूर्वी ३५ मिनिटांत ४० प्रश्न असत, आता ४० मिनिटांत ३६ आहेत. विज्ञानाला ४० मिनिटांत ४० प्रश्न. तो विभाग आता ऐच्छिक आहे आणि एकूण सरासरीत धरला जात नाही. तो द्यायचा की नाही, हे हव्या त्या कॉलेजची अट बघून ठरवावं.

आता त्या हजार शब्दांकडे वळू. वाचताना नजर ओळीवरून घरंगळत जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती उड्या मारते. एका उडीला, म्हणजे सॅकेडला, सुमारे २० ते ३५ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात डोळ्याला नवं काहीच टिपता येत नाही. वाचन होतं ते दोन उड्यांमधल्या थांब्यावर. हा थांबा साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम चार थांबे. अक्षरं बारकाईने दिसतात ती दृष्टिपटलावरच्या फोव्हिया या इवल्याशा खळग्यात, आणि त्याच्या वाट्याला नजरेचे फक्त दोनेक अंश येतात. हात लांब करून अंगठा धरलात तर त्याची रुंदी साधारण तेवढीच भरते.

एका थांब्यावर किती अक्षरं उपयोगी पडतात, हे जॉर्ज मॅकोन्की आणि कीथ रेनर या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये फार युक्तीने मोजलं. वाचणाऱ्याची नजर संगणक टिपत राहतो आणि नजरेभोवतीची थोडी अक्षरं सोडून बाकी सगळ्या मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरं टाकतो. नजर हलली की ही खिडकीही हलते. खिडकी पुरेशी मोठी असेल तर वाचनाचा वेग कमी होत नाही. ती लहान करत गेलं की एका टप्प्यावर वाचन अडखळू लागतं. अशा प्रयोगांतून इंग्रजीसाठी मर्यादा निघाली ती डावीकडे तीन-चार आणि उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरांची. त्यातही शब्द नक्की ओळखता येतो तो उजवीकडच्या सात-आठ अक्षरांपर्यंतच. पुढे फक्त शब्दाची लांबी आणि मोकळी जागा कळते. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, तिथे ही खिडकी डावीकडे झुकते. म्हणजे हा झुकाव केवळ डोळ्याच्या रचनेतून येत नाही. वाचनाची दिशा ज्या बाजूला, त्या बाजूला मेंदू लक्ष देतो.

आता हिशेब करा. मिनिटाला हजार शब्द म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा, म्हणजेच दर थांब्याला चार शब्द. इंग्रजी शब्द मोकळ्या जागेसह सरासरी सहा अक्षरांचा धरला तर चोवीस अक्षरं. खिडकी तेवढी मोठी नाहीच! मधले शब्द सुटतात आणि मेंदू अंदाजाने भर घालतो. ओळखीच्या विषयात तो अंदाज खपतो, एसीटीच्या उताऱ्यात प्रश्न नेमका सुटलेल्या ‘except’वर येतो. मनातल्या मनात उच्चारू नका, मागे वळून पाहू नका, हे सल्लेही असेच. कुशल वाचकाच्या दहा-पंधरा टक्के उड्या मागे जातात, कारण अर्थ जुळलेला नसतो. वाचून झालेले शब्द झाकून टाकले की आकलन घसरतं, हे रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं.

जाता जाता ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’विषयी. डोळे बांधून वाचायला शिकवतो म्हणणाऱ्या या वर्गांत मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात, एवढंच. गंमत म्हणजे या उड्यांचा हुकूम सोडणारी सुपीरियर कॉलिक्युलस ही रचना खरोखरच मध्यमेंदूत असते. ती जन्मापासून कामाला लागलेली असते, फी न भरता.

मग परीक्षेत वेळ जातो कुठे? वाचनाच्या विभागात चार उतारे, प्रत्येकी दहा मिनिटं, नऊ प्रश्न. साडेसातशे शब्दांचा उतारा मिनिटाला अडीचशेच्या साध्या वेगानेही तीन मिनिटांत संपतो. सात मिनिटं उरतात, म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट. वेळ खातात दोन गोष्टी: कुठे काय होतं हे न आठवून अख्खा उतारा पुन्हा चाळणं आणि शेवटच्या दोन पर्यायांत लटकणं. पहिलीवर उपाय म्हणजे दर परिच्छेदाशेजारी दोन-तीन शब्दांची खूण. दुसरीवर, पर्यायातल्या प्रत्येक शब्दासाठी उताऱ्यात आधार मागणं. ‘Always’सारख्या एका आगाऊ शब्दाने बरोबर वाटणारा पर्याय बाद होतो. थांब्याचा कालावधी खरोखर कमी होतो तो शब्द ओळखीचा असला की. त्यामुळे वर्षभर इंग्रजीत नियमित वाचन केल्याने वेग वाढतो, आदल्या महिन्यातल्या युक्त्यांनी नाही.

विज्ञानात आधी मजकूर वाचत बसू नये. आलेखाचे दोन्ही अक्ष, एकके, सूची बघा आणि थेट प्रश्नावर जा. समजा, तापमानानुसार मीठ आणि पोटॅशियम नायट्रेट यांच्या विद्राव्यतेचा आलेख आहे. १०० ग्रॅम पाण्यात पोटॅशियम नायट्रेट ४० अंशांना सुमारे ६४ ग्रॅम विरघळतं, ६० अंशांना ११०. ५० अंशांना किती? सूत्र नको, ६४ आणि ११० यांच्यामधला एकच पर्याय असेल तर तोच. फसगत होते ती २० अंशांना. तिथे मीठ ३६ ग्रॅम आणि नायट्रेट ३२, म्हणजे रेषा एकमेकींना छेदून गेलेल्या असतात. ‘नायट्रेट जास्त विरघळतं’ हे पाठांतर तिथे तोंडघशी पाडतं. खोली खालच्या दिशेने वाढणारा अक्ष, दोन बाजूंना दोन वेगळी मापं, दहाच्या पटीत जाणारी मोजपट्टी, प्रयोग २ विचारला असताना प्रयोग ३ चा तक्ता बघणं, हे नेहमीचे खड्डे. अपवाद एकच: दोन-तीन शास्त्रज्ञांची परस्परविरोधी मतं असलेला उतारा. तो मात्र आधी पूर्ण वाचावा आणि प्रत्येकाचं मत एका ओळीत लिहून घ्यावं.

भारतातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची सवय असलेली मुलं इथे एक हमखास चूक करतात. तिथे चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, म्हणून ती प्रश्न कोरा सोडतात. एसीटीत गुण कापत नाहीत. शेवटचं एक मिनिट राखून ठेवावं आणि उरलेल्या सगळ्या प्रश्नांना एकच अक्षर भरून टाकावं. चार पर्यायांतला एक लागण्याची शक्यता पंचवीस टक्के, कोऱ्याची शून्य.