ओळख पटवणं वेगळं, ओळख झाकणं वेगळं

ओपीडीत मोठ्यानं नाव पुकारलं की काही जण वैतागतात. सगळ्यांसमोर नाव कशाला? मग नावाऐवजी टोकन नंबर येतो. रांगेपुरतं ते ठीकच. पण तीच सवय वॉर्डात शिरली की 'सात नंबरला इंजेक्शन द्या' असं सुरू होतं, आणि सात नंबरचा पेशंट तर सकाळीच दुसऱ्या खाटेवर हलवलेला असतो.

गोपनीयता म्हणजे ज्याचा संबंध नाही त्याच्या कानावर माहिती जाऊ न देणं. ओळख पटवणं म्हणजे समोरचा माणूस आणि हातातला कागद, औषध किंवा रक्ताची पिशवी एकाचीच आहे याची खात्री करणं. एकीकडे माहिती आवरायची असते, दुसरीकडे ती विचारून घ्यायची असते. म्हणूनच एकीचा उपाय दुसरीला लावला की फसतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्येच सांगितलं होतं की पेशंटची ओळख किमान दोन खुणांवरून पटवावी, उदाहरणार्थ नाव आणि जन्मतारीख; खोली क्रमांक त्यात धरायचा नाही. विचारण्याची पद्धतही महत्त्वाची. 'तुम्ही अमुकच ना?' म्हटलं तर गुंगीतला, कमी ऐकू येणारा किंवा नुसता घाबरलेला माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हटलं की उत्तर त्यालाच द्यावं लागतं. दर वेळी तेच विचारतात म्हणून चिडू नका. ज्या नर्स विचारत नाहीत, त्यांची मला जास्त धास्ती वाटते.

रक्ताच्या बाबतीत तर चुकीला जागाच नाही. ओ गटाच्या पेशंटला ए गटाचं रक्त चढलं तर जिवावर बेतू शकतं. ही चूक कधीकधी पिशवी लावताना नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, नमुना घेताना झालेली असते. ट्यूबवर लेबल पेशंटशेजारी न लावता टेबलावर जाऊन लावलं, की रक्त एकाचं आणि नाव दुसऱ्याचं. जुनी नोंद नसेल तर लॅबला हे कळणार कसं? म्हणून अनेक ठिकाणी गट पक्का करायला वेगवेगळ्या वेळी घेतलेले दोन नमुने मागतात.

नवजात बाळाला तर नावच नसतं. जुळी असतील तर आईचं नावही पुरत नाही. तिथे आई आणि बाळाच्या मनगटावरच्या पट्ट्यांचे जुळणारे क्रमांकच कामाला येतात.

आता गोपनीयता. बहुतेक वेळा झाकायचं असतं ते नाव नव्हे, आजार. अमेरिकेचा १९९६ चा हिपा कायदा पेशंटच्या माहितीबाबत कडक मानला जातो, पण प्रतीक्षाकक्षात नाव पुकारायला त्याचीही हरकत नाही. सोबत आजाराचा तपशील जाता कामा नये, एवढंच. नाव घेऊन 'तुमचा एचआयव्हीचा रिपोर्ट आलाय' असं काउंटरवरून ओरडणं, हा खरा भंग. पडद्याआड, हळू आवाजात नाव आणि जन्मतारीख विचारली तर काहीच उघडं पडत नाही.

एका ठिकाणी मात्र दोन्ही एकदम मोडतात: एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या पाकिटात गेला की. एकाचं गुपित फुटतं आणि दुसऱ्यावर भलतेच उपचार सुरू होऊ शकतात. म्हणून डिस्चार्जच्या वेळी फाइलच्या प्रत्येक पानावरचं नाव तिथेच वाचून घ्या, आणि मनगटावरची पट्टी कचऱ्यात टाकण्याआधी तिच्यावरचं नाव खोडा.