आधी सेवा, मग फी: अमेरिकॉर्प्सच्या शिक्षणनिधीची पार्श्वभूमी

अमेरिकेत दरवर्षी हजारो लोक, बहुतेक तरुण, 'अमेरिकॉर्प्स' या सरकारी समाजसेवा योजनेत दाखल होतात. कुणी वस्तीतल्या शाळेत मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवतं, कुणी पूर ओसरलेल्या गावातली चिखलाने भरलेली घरं उपसतं, कुणी जंगलातल्या पायवाटा दुरुस्त करतं. हातात पडतो तो जेमतेम निर्वाह भत्ता. मात्र वर्षभरात 1,700 तास भरले की त्यांच्या नावावर सरकारकडे एक रक्कम राखून ठेवली जाते, आणि ती फक्त शिक्षणासाठीच वापरता येते. कॉलेजची फी भरा नाहीतर शैक्षणिक कर्ज फेडा. या रकमेचं नाव सेगल अमेरिकॉर्प्स एज्युकेशन अवॉर्ड.

कल्पना साधी वाटते, पण ही रक्कम किती असावी यावर झालेलं राजकारण साधं नव्हतं. ते समजून घ्यायचं तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जावं लागतं.

22 जून 1944 रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 'जीआय बिल'वर सही केली. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकाला वर्षाला 500 डॉलरपर्यंत फी आणि वर महिन्याचा खर्च सरकार देणार, असा तो कायदा. तेव्हा 500 डॉलरमध्ये नामांकित विद्यापीठांचीही फी भागत होती. सुमारे 22 लाख माजी सैनिक कॉलेजात गेले. धंदेशिक्षण आणि इतर प्रशिक्षण घेणारे धरले तर हा आकडा 78 लाखांच्या घरात जातो. घराण्यात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, असे कितीतरी जण त्यात होते. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र, विशेषतः दक्षिणेत, हा लाभ कागदावर मिळाला आणि प्रत्यक्षात नाकारला गेला, हेही त्याच कायद्याच्या इतिहासात नोंदवायला हवं. तरीही देशासाठी काही वर्षं दिली तर देशाने शिक्षणाचा भार उचलावा, ही समजूत तिथल्या लोकांच्या मनात रुजली ती तेव्हापासून.

बिनलष्करी सेवेची परंपरा याहून जुनी होती. महामंदीच्या काळात, 1933 मध्ये, रूझवेल्ट यांनीच बेकार तरुणांसाठी वनसंवर्धनाची तुकडी उभारली होती. महिना 30 डॉलर मिळत, त्यातले साधारण 25 थेट घरी पाठवले जात. 1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींची, स्वयंसेवकांना परदेशात पाठवणारी पीस कोअर आली आणि 1964 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या दारिद्र्यविरोधी मोहिमेत देशातल्याच गरीब वस्त्यांसाठी 'व्हिस्टा'. या साऱ्यात सेवा होती, पण तिच्या बदल्यात शिक्षणाच्या पैशाची हमी नव्हती.

पीस कोअरच्या उभारणीत हॅरिस वॉफर्ड यांचा मोठा हात होता. तरुणपणी, 1949 मध्ये, ते पत्नी क्लेअर यांच्यासह भारतात आले. गांधीजींचे विचार समजून घेणं हा त्या प्रवासाचा हेतू होता, आणि परतल्यावर दोघांनी भारतावर पुस्तक लिहिलं. हेच वॉफर्ड पुढे सिनेटर झाले आणि 1995 पासून अमेरिकॉर्प्स चालवणाऱ्या सरकारी महामंडळाचे प्रमुखही. या योजनेचा गांधीविचाराशी असलेला हा धागा आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. तो ठाऊक असायला हवा असं मला वाटतं.

सेवा आणि फी यांची गाठ मारण्याचा जोरदार प्रयत्न 1988-89 मध्ये झाला. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स मॉस्कोस यांनी नागरी सेवेचा आग्रह धरला आणि सिनेटर सॅम नन यांनी विधेयक आणलं. केंद्र सरकारची शैक्षणिक मदत हवी असेल तर आधी सेवा करा, असा त्याचा रोख होता. विद्यापीठांच्या संघटना तुटून पडल्या. श्रीमंताच्या मुलाला मदत लागतच नाही, म्हणजे सेवा करणार फक्त गरीब, हा त्यांचा आक्षेप. तो रास्तच होता. विधेयक बारगळलं. 1990 मध्ये थोरल्या बुश यांनी सही केलेला कायदा त्यामानाने मवाळ होता. स्थानिक प्रयोगांना अनुदान देण्यापुरता.

1992 च्या प्रचारात बिल क्लिंटन यांनी तीच कल्पना उचलली, पण सक्ती काढून टाकली. मदत आहे ती राहील. सेवा करणाऱ्याला वर आणखी मिळेल. 1 मार्च 1993 रोजी, पीस कोअरच्या वर्धापनदिनी, त्यांनी रटगर्स विद्यापीठात योजना मांडली. विधेयक पुढे नेण्याची जबाबदारी त्यांच्या प्रचारातले सहकारी, उद्योजक इलाय सेगल यांच्यावर होती. खरी अडचण आकड्यावर आली. सुरुवातीला वर्षाला 5,000 डॉलरची भाषा होती. माजी सैनिकांच्या संघटनांनी विचारलं, बंदूक हाती घेणाऱ्यापेक्षा शाळेत शिकवणाऱ्याला जास्त का? तडजोड अशी झाली की ही रक्कम सैनिकांच्या शिक्षणलाभाच्या तुलनेत कमी राहावी. त्यातून निघाला 4,725 डॉलर हा विचित्र वाटणारा आकडा. 21 सप्टेंबर 1993 रोजी कायदा झाला आणि सप्टेंबर 1994 मध्ये पहिल्या सुमारे 20,000 जणांनी शपथ घेतली.

आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतल्या 'कमवा आणि शिका'मध्ये काम आणि शिक्षण बरोबरीने चालतं. इथे काम आधी आणि शिक्षण मागून. म्हणूनच पैसा सांभाळून ठेवणारी यंत्रणा लागली: नॅशनल सर्व्हिस ट्रस्ट. रक्कम उमेदवाराच्या हाती कधीच येत नाही. तो आपल्या ऑनलाइन खात्यात जाऊन कॉलेज किंवा कर्ज देणारी संस्था निवडतो, किती रक्कम वळवायची ते लिहितो, समोरची संस्था खातरजमा करते आणि ट्रस्ट थेट तिला पैसे पाठवतो. सेवा संपल्यापासून सात वर्षांची मुदत. सेवेच्या काळात कर्जाचे हप्ते थांबवता येतात आणि तास पूर्ण झाले की त्या काळात चढलेलं व्याजही ट्रस्ट भरतो. ही शेवटची सोय अनेकांच्या लक्षातच येत नाही. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असणं बंधनकारक असल्याने पुण्या-मुंबईहून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना हा मार्ग बंद आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांना तो खुला आहे.

ट्रस्टची व्यवस्थाही निर्धोक नव्हती. 1995 मध्ये रिपब्लिकन बहुमताने योजनेचा निधीच बंद करायचा घाट घातला, तो क्लिंटन यांनी नकाराधिकार वापरून हाणून पाडला. 2002 च्या अखेरीस वेगळंच संकट आलं. ट्रस्टला पेलतील त्यापेक्षा जास्त उमेदवार घेतले गेले होते आणि भरती थांबवावी लागली. पुढच्या वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, हिशेबाची पद्धत कायद्याने बांधून दिली.

या सगळ्या काळात 4,725 चा आकडा जागचा हलला नाही. पंधरा वर्षं कॉलेजची फी चढत राहिली आणि मोबदला तिथेच राहिला. मला ही या इतिहासातली सर्वांत मोठी चूक वाटते. ती सुधारली 2009 मध्ये. सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या नावाच्या कायद्याने ही रक्कम गरीब विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या 'पेल ग्रँट'च्या कमाल मर्यादेशी जोडली. त्या वर्षी ती 5,350 झाली आणि आता 7,395 आहे. एक माणूस जास्तीत जास्त दोन पूर्ण अवॉर्डांइतकी रक्कम मिळवू शकतो. 2006 मध्ये निधन पावलेल्या सेगल यांचं नाव याच कायद्याने अवॉर्डला मिळालं. शिवाय पंचावन्न वर्षांनंतर सेवेत आलेल्यांना आपली रक्कम मुलाला किंवा नातवंडाला देण्याची मुभा मिळाली.

कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कमी फीच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, आजही या पैशात वर्षाची फी निघते. खासगी विद्यापीठात तो कुठल्या कुठे जिरतो, म्हणून काही संस्था स्वतःकडून तेवढीच भर घालतात. खटकतो तो कर. पैसा थेट कॉलेजला जातो, तरी ज्या वर्षी तो वापरला त्या वर्षीचं उत्पन्न म्हणून विद्यार्थ्याला त्यावर कर लागतो. त्यामुळे जाणकार मंडळी रक्कम दोन कॅलेंडर वर्षांत विभागून वापरतात. हा कर काढावा म्हणून विधेयकं आली, पण अजून कायदा झालेला नाही.

एप्रिल 2025 मध्ये ट्रम्प प्रशासनाने सुमारे 40 कोटी डॉलरची अनुदानं अचानक रद्द केली आणि अनेकांना तास अर्धवट टाकून घरी परतावं लागलं. काही राज्यं न्यायालयात गेली आणि जूनमध्ये त्या राज्यांपुरती अनुदानं परत सुरू करण्याचा आदेश मिळाला. तास अपुरे राहिले तर पूर्ण अवॉर्ड मिळत नाही. निदान पंधरा टक्के तास भरलेले असतील आणि सेवा सोडण्याचं कारण नियमात बसत असेल, तरच झालेल्या तासांच्या प्रमाणात रक्कम मिळते.