ह्यूज, ग्लेन

ह्यूज, ग्लेन : (२१ ऑगस्ट १९५१ – ). ब्रिटिश रॉक गायक, बेस गिटारवादक व गीतकार. ट्रॅपीझ, डीप पर्पल आणि ब्लॅक कंट्री कम्युनियन या बँडांमधील त्यांचे काम सर्वपरिचित आहे. हार्ड रॉकच्या जड, कडाडत्या वाद्यमेळात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताची आर्तता त्यांनी आणली. या एकाच गोष्टीमुळे त्यांना चाहते लाभले आणि सहकाऱ्यांशी त्यांचे मतभेदही झाले.

इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यातल्या कॅनक या कोळसा खाणींच्या गावी त्यांचा जन्म झाला. फाइंडर्स कीपर्स या स्थानिक बँडमधून बाहेर पडून १९६९ मध्ये ते ट्रॅपीझचे बेसवादक व गायक झाले. पहिल्या अल्बमनंतर दोघेजण बाहेर पडले आणि गिटारवर मेल गॅली, ड्रमवर डेव्ह हॉलंड व ह्यूज असे तिघेच उरले. वाद्ये कमी झाल्याने ठेक्याला आणि गळ्याला मोकळी जागा मिळाली. ‘मेडूसा’ (१९७०) हा अल्बम अजून बराचसा जड रॉक आहे. पुढच्या १९७२ च्या अल्बमपर्यंत मात्र बेसची चाल फंकची (ठेक्यावर भर देणाऱ्या, नाचऱ्या कृष्णवर्णीय संगीताची) होऊन गेली होती. या बँडला मायदेशापेक्षा अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः टेक्ससमध्ये, अधिक श्रोते मिळाले.

गायक इयन गिलन आणि बेसवादक रॉजर ग्लोव्हर यांनी १९७३ मध्ये डीप पर्पल सोडल्यावर ग्लोव्हर यांच्या जागी ह्यूज आले. मुख्य गायक म्हणून डेव्हिड कव्हरडेल यांची निवड झाली आणि बँडमध्ये प्रथमच दोन गळे शेजारी उभे राहिले. ‘बर्न’ (१९७४) या अल्बमचे शीर्षकगीत याचा उत्तम नमुना आहे. कव्हरडेल कडवी आपल्या भरदार, खर्जाकडे झुकणाऱ्या आवाजात गातात. मधल्या टप्प्यावर ह्यूज एकदम वरच्या पट्टीत शिरतात आणि तेच गाणे निराळ्या उजेडात दिसू लागते. जुन्या कराराच्या अडचणीमुळे मूळ आवृत्तीत गीतकार म्हणून ह्यूज यांचे नाव छापता आले नव्हते. ही उणीव तिसाव्या वर्षी निघालेल्या आवृत्तीत दूर झाली. ६ एप्रिल १९७४ रोजी कॅलिफोर्निया जॅम या महोत्सवात लाखांच्या समुदायापुढे हा नवा संच उभा राहिला. त्या मैफलीचे चित्रण आजही पाहिले जाते.

ह्यूज यांचा आवाज तार सप्तकात सहज फिरतो, पण तेवढ्यावर त्यांची थोरवी मोजणे अपुरे ठरेल. एकाच अक्षरावर अनेक स्वरांची गुंफण करणे, ओळ ठेक्याच्या किंचित मागे ठेवणे आणि शेवटी ती हळुवार सोडून देणे ही सोल गायकीची लक्षणे त्यांच्यात मुरलेली आहेत. अमेरिकी सोल गायक स्टीव्ही वंडर यांचा प्रभाव ते स्वतःही मान्य करतात. ‘स्टॉर्मब्रिंगर’ (१९७४) मधील ‘होली मॅन’ हे गाणे त्यांनी एकट्याने गायले आहे, आणि तेथे हा गळा निवांतपणे ऐकता येतो.

मात्र याच अल्बममधील फंक व सोलकडचा कल गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांना रुचला नाही आणि १९७५ मध्ये ते बँडबाहेर पडले. त्यांच्या जागी आलेले अमेरिकी गिटारवादक टॉमी बोलिन ह्यूज यांच्याच वळणाचे होते. या संचाच्या मैफलींत ‘स्मोक ऑन द वॉटर’ या डीप पर्पलच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याच्या अखेरीस ह्यूज ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ हे सोल वळणाचे जुने, संथ गाणे आळवू लागत. काही श्रोत्यांना हे खटके, पण बँडच्या हार्ड रॉक व सोल या दोन ओढी तिथे जितक्या उघड दिसतात तितक्या अन्यत्र क्वचितच. मार्च १९७६ मधील लिव्हरपूलच्या मैफलीनंतर बँड विसर्जित झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोलिन अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरण पावले.

ह्यूजही कोकेनच्या आहारी गेले होते. पुढील सुमारे पंधरा वर्षांत ‘प्ले मी आउट’ (१९७७) हा एकल अल्बम आणि गिटारवादक पॅट थ्रॉल यांच्यासह केलेला १९८२ चा अल्बम सोडल्यास सलग असे काम थोडेच झाले. ब्लॅक सॅबथ या बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांनी एकल अल्बम म्हणून योजलेला ‘सेव्हन्थ स्टार’ (१९८६) ह्यूज यांनी गायला, परंतु तो बँडच्या नावाने निघाला. त्यानंतरच्या दौऱ्यात मोजक्याच कार्यक्रमांनंतर त्यांना थांबावे लागले. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते व्यसनातून बाहेर पडले आणि तेव्हापासून त्यांचे लेखन व गायन अखंड सुरू राहिले. आयोमींबरोबरचा ‘फ्यूज्ड’ (२००५) हा अल्बम याच काळातला.

गिटारवादक जो बोनामासा, ड्रमवादक जेसन बॉनम आणि कीबोर्डवादक डेरेक शेरिनियन यांच्यासह २००९ मध्ये त्यांनी ब्लॅक कंट्री कम्युनियन स्थापन केला. इंग्लंडच्या मध्य भागातील ज्या औद्योगिक पट्ट्याला ‘ब्लॅक कंट्री’ म्हणतात, त्या मुलखाशी ह्यूज व बॉनम यांचे असलेले नाते बँडच्या नावात आले आहे. २०१६ मध्ये डीप पर्पलचा सदस्य म्हणून रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. २०२४ मध्ये ब्लॅक कंट्री कम्युनियनचा पाचवा, तर २०२५ मध्ये ‘चोझन’ हा त्यांचा स्वतःचा अल्बम प्रसिद्ध झाला.