फ्रॅक्टल चित्रांतील दोषनिवारण

संगणकाने गणिती सूत्रावरून काढलेल्या फ्रॅक्टल चित्रात शिरलेले नको ते डाग, पट्टे, दातेरी कडा आणि रवाळपणा ओळखून दूर करण्याचे काम म्हणजे दोषनिवारण. यात पुसण्यापेक्षा ओळखणे अवघड. बेळगावजवळच्या खानापूरच्या जंगलात पावसाळ्यात फुटणारा नेचा हातात घेऊन पाहावा: त्याची प्रत्येक पर्णिका अख्ख्या पानाचीच लहान नक्कल असते. फ्रॅक्टलही तसाच, त्यामुळे एखादा ठिपका कचरा आहे की मूळ आकृतीची चिमुकली प्रत, हे डोळ्यांना कळत नाही. १९८० च्या सुमारास गणितज्ञ मांडेलब्रॉट यांनी काढलेल्या, आता त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या बिंदूंच्या संचाच्या पहिल्या चित्रांत मुख्य आकृतीभोवती असे ठिपके दिसत. ते सुटी बेटे वाटत. पुढे दुआदी आणि हबर्ड या गणितज्ञांनी सिद्ध केले की संपूर्ण संच एकसंध आहे आणि ती बेटे अतिशय बारीक तंतूंनी जोडलेली आहेत. म्हणून तयार चित्रावर ब्रश फिरवणे हा शेवटचा उपाय मानावा. दोष जिथे जन्मतो त्या गणनेतच तो काढला पाहिजे.

नवशिक्याला पहिल्यांदा पट्टे खुपतात. त्यांचे मूळ चित्राच्या गणनेत असते. एका संख्येचा वर्ग करायचा, त्यात प्रत्येक बिंदूची ठरलेली संख्या मिळवायची आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. उत्तर शून्यापासून २ पेक्षा दूर गेले की थांबायचे आणि किती फेऱ्या झाल्या त्यावरून रंग द्यायचा. फेऱ्या पूर्णांकात मोजल्या जात असल्याने रंग उड्या मारतो. थांबण्याची मर्यादा २ ऐवजी शंभराच्या पुढे नेऊन लॉगॅरिदमने फेरीचा अपूर्णांक काढला की रंग सलग वाहतो. उलट फेऱ्यांची कमाल संख्याच कमी ठेवली, तर काठावरच्या वेलबुट्टीच्या जागी काळे डबके साचते. ती वाढवण्यावाचून इलाज नसतो.

लाटांचा दोष बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकरांना समजावून सांगावा लागणार नाही. झिरझिरीत साडीचे दोन पदर एकावर एक धरले की विणीत नसलेल्या लाटा उमटतात. फ्रॅक्टलचे तपशील पिक्सेलहून बारीक झाले की पडद्यावर तेच घडते. प्रत्येक पिक्सेलमध्ये ४, ९ किंवा १६ नमुने घेऊन त्यांची सरासरी काढणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय. ही सरासरी प्रकाशाच्या प्रमाणात काढावी. साठवलेल्या रंगांकांची थेट सरासरी घेतली तर उजळ तंतू काळवंडतात.

खोल झूममध्ये वेगळेच संकट येते. संगणकाच्या नेहमीच्या दुहेरी अचूकतेत (डबल प्रिसिजन) एका संख्येचे सुमारे १६ दशांश अंक मावतात. ते संपले की चित्राचे विटांसारखे चौकोनी ठोकळे होतात. २०१३ मध्ये के. आय. मार्टिन यांनी एकाच संदर्भ-बिंदूचा मार्ग पूर्ण अचूकतेने मोजून बाकीच्यांचे त्यापासूनचे फरक साध्या अचूकतेत मोजण्याची युक्ती प्रसिद्ध केली. वेग प्रचंड वाढला, पण सर्पिलांच्या ऐन मध्यावर सपाट, एकरंगी चकत्या दिसू लागल्या. एखाद्या बिंदूचे खरे मूल्य संदर्भ-मूल्याच्या मानाने फार लहान झाले की अंक गळतात, हे त्यामागचे कारण. असे बिंदू ओळखून नवा संदर्भ धरून पुन्हा मोजले की चकती जाते आणि तिच्या जागी खरी नक्षी उघडते. हा बदल डोळ्यांदेखत होताना पाहण्यासारखे सुख या कलेत दुसरे नाही.

बेळगाव-निपाणीकडे गणेशोत्सवाच्या देखाव्यामागे असे चित्र फ्लेक्सवर लावायचे झाल्यास हिशेब मोठा होतो. १० बाय ८ फुटांच्या पडद्याला इंचाला ७२ पिक्सेल धरले तरी ८,६४० गुणिले ६,९१२, म्हणजे जवळपास ६ कोटी पिक्सेल; १६ नमुन्यांनी ९५ कोटींहून अधिक बिंदू. श्रावणातल्या पावसात लाईट गेली तर रात्रभराचे काम बुडू नये म्हणून चित्र तुकड्यातुकड्यांनी साठवावे. फाइल पीएनजी किंवा टिफमध्ये द्यावी, कारण जेपेगची दाबणी ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत होते आणि तंतूंभोवती मळ जमतो. संगणकाच्या पडद्यावरचा झगझगीत निळा-जांभळा रंग शाईत उतरत नाही. सगळ्यात बारीक नक्षीचा फूटभर तुकडा आधी छापून दिवसाच्या उजेडात तपासावा आणि मगच पूर्ण छपाई सांगावी.